डॉक्टरांची गाडी आणि वीसचं ॲव्हरेज

सेकंडहँड गाडी विकणाऱ्याच्या तोंडी दोन वाक्यं हमखास असतात. 'डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड.' आणि 'वीसच्या खाली ॲव्हरेज नाही बघा साहेब.' आजवर डॉक्टरांच्या म्हणून जेवढ्या गाड्या विकल्या गेल्या तेवढे डॉक्टर महाराष्ट्रात असते तर ग्रामीण रुग्णालयांत एकही जागा रिकामी राहिली नसती. पण डॉक्टरांचं जाऊ द्या, भानगड विसाची आहे. गाडी घरी येते, पेढे वाटून होतात, दोन-तीनदा टाकी भरली जाते आणि उमगतं की गाडी जेमतेम बारा-तेरा देतेय. मग सोसायटीतले तज्ज्ञ जमतात. एक म्हणतो इंजेक्टर साफ करून घे, दुसरा म्हणतो पंप गेला असेल, तिसरा म्हणतो विकून टाक. गॅरेजवाला तर बॉनेट न उघडताच जाहीर करतो, 'इंजिनचं काम निघणार.'

इंजिनाला हात लावू देण्याआधी हे वाचा. पेट्रोल पिणारा चोर बहुतेक वेळा फुटकळ असतो. कधी कधी तर चोरी झालेलीच नसते.

वीस आले कुठून?

कंपनीचा आकडा रस्त्यावर जन्माला येत नाही. पुण्यात कोथरूडला वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. जाहिरातीत जो 'एआरएआय प्रमाणित' आकडा झळकतो तो तिच्याच नावाने. चाचणीत गाडी रोलरवर उभी करतात; चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. ठरलेल्या तालावर ती ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांनाही थोडी कमी, चालवतात. त्यात शहरातली चाल म्हणून १९५ सेकंदांचा एकच नमुना चारदा गिरवायचा आणि शेवटी ४०० सेकंद जरा वेगात. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. एसी बंद. खड्डा नाही, घाट नाही, मागच्या सीटवर गावाहून आणलेलं तांदळाचं पोतं नाही.

गंमत पुढेच आहे. या चाचणीत पेट्रोल मोजतच नाहीत! सायलेन्सरमधून निघालेला धूर पिशव्यांत गोळा करतात, त्यातला कार्बन मोजतात आणि एवढा कार्बन बाहेर पडायला किती पेट्रोल जळलं असेल ते गणिताने काढतात. पद्धत पक्की शास्त्रीय आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण तो आकडा एका गाडीची दुसरीशी तुलना करायला आहे, तुमच्या पेट्रोलचा महिन्याचा खर्च काढायला नाही. शहरात, एसी लावून, जाहिरातीतल्या आकड्याच्या दोन तृतीयांश मिळत असेल तर बरीचशी तक्रार तिथेच निकाली निघते.

आधी मोजा, मग रडा

'हजाराचं टाकलं आणि काटा तिथपर्यंत आला' हे मोजमाप नव्हे. पेट्रोलचा काटा हा अंदाजपंचे कारभार आहे. अर्ध्याच्या वर तो रेंगाळतो, खाली धावत सुटतो. डॅशबोर्डवरचं डिजिटल ॲव्हरेजही बऱ्याच गाड्यांत चार पैसे चढवूनच सांगतं.

खरी रीत एकच. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं. ट्रिप मीटर शून्यावर. नेहमीसारखी गाडी चालवायची. निदान तीनशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं. जेवढं लिटर बसलं त्याने किलोमीटरला भागायचं. 'राउंड फिगर करू का साहेब?' या प्रश्नाला ठाम नकार द्या, तिथेच हिशेब बिघडतो. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, दोन-तीन टाक्यांची सरासरी घ्या. आपली एसटी हेच काम वर्षानुवर्षं करते आहे. तिथला हिशेब 'केपीटीएल'मध्ये, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर असा असतो. चालकाची डिझेल वाचवण्याची हातोटी डेपोत या आकड्यावरून कळते.

मोठी चाकं, छोटा आकडा

आधीच्या मालकाला हौस असेल तर गाडीला कंपनीच्या मापाहून मोठे टायर असतात. समजा मूळ माप १६५/८० आर १४ होतं आणि त्याने १९५/६५ आर १५ बसवले. टायरचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास होता, तो ६३४ वर गेला. म्हणजे एका फेऱ्यात गाडी सव्वादोन-अडीच टक्के जास्त पुढे जाते, पण मीटरला याचा पत्ता नाही. तुम्ही शंभराहून जास्त किलोमीटर गेलात, त्याने शंभरच मोजले. ॲव्हरेज कागदावर घसरलं, गाडीत काहीच बिघडलेलं नाही. रुंद टायर रस्त्याला जास्त चिकटतात आणि थोडं पेट्रोल खरोखरच खातात, तो भाग वेगळा. दाराच्या चौकटीवरचा स्टिकर बघा; मूळ माप आणि हवेचा दाब दोन्ही तिथे छापलेलं असतं. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा.

आणि हो, नायट्रोजन. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे कसले देताय?

पंपावरचं पाच लिटरचं माप

प्रत्येक पेट्रोल पंपावर वैध मापन शास्त्र विभागाने शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं, आणि कुठलाही ग्राहक 'मोजून दाखवा' म्हणू शकतो. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तक्रार करा. हा संशय अगदीच हवेतला नाही. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभरातल्या पंपांवर छापे घातले तेव्हा मशीनमध्ये बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक चिपा सापडल्या होत्या. शंभराऐवजी ११०चं पेट्रोल भरलं की फसवणूक टळते असं मानणारे लोक रोज दिसतात. असल्या तोडग्याने मशीन सुधारत नाही, माप मागितल्याने सुधारतं.

पहाटे पेट्रोल घट्ट असतं म्हणून सहाला रांग लावणाऱ्यांनीही आता झोपायला हरकत नाही. पेट्रोल तापलं की पसरतं हे खरं, दहा अंशांना साधारण एक टक्का. पण ते पंपावर जमिनीखालच्या टाकीत असतं, आणि तिथे सकाळ-दुपारचं तापमान फारसं हलतच नाही.

बोटभर भाग, लिटरभर नुकसान

आता खऱ्या आरोपींकडे येऊ. जुन्या गाडीतला माझा सर्वांत लाडका आरोपी म्हणजे थर्मोस्टॅट, गॅरेजच्या भाषेत 'वॉल'. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधल्या पाण्याच्या वाटेवर बसवलेला हा छोटासा धातूचा दरवाजा. त्याच्या पोटात मेण भरलेलं असतं. इंजिन गार असताना दरवाजा बंद, पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. तापमान साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं, दरवाजा उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे निघतं. वीज नाही, वायर नाही, नुसतं मेण.

आपल्याकडे या बिचाऱ्याचं काय होतं? एखाद्या मे महिन्यात गाडी गरम होते. मेकॅनिक म्हणतो, 'आपल्या हवेला वॉल लागतच नाही, तो थंड देशांसाठी असतो,' आणि काढून फेकतो. गाडी गरम व्हायची थांबते, सगळे खूश. पण आता पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतंय. हायवेला समोरून वारा लागला की इंजिन साठ-पासष्टच्या वर जातच नाही. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, तापमानाचा सेन्सर वाचतो आणि समजतो की गाडी नुकतीच सुरू झाली आहे. गार इंजिनाला जास्त पेट्रोल द्यायचं हे त्याला शिकवलेलं आहे, तो देत राहतो. पुण्याहून साताऱ्यापर्यंत देत राहतो. वर इंजिन ऑइलही नीट पातळ होत नाही, घर्षण वाढतं. काढलेला वॉल आठ-दहा वर्षांपूर्वीच भंगारात गेलेला असतो आणि सध्याच्या मालकाला त्याची गंधवार्ता नसते.

पकडायचं सोपं आहे. वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवा आणि तापमानाचा काटा बघा. तो मध्यावर येऊन स्थिर व्हायला हवा. खालीच घुटमळत असेल, हायवेला उतरत आणि सिग्नलला चढत असेल, तर वॉल नाही किंवा उघडा अडकला आहे. काटा नसलेल्या गाड्यांत निळा दिवा असतो, तो अशा वेळी विझायला फार वेळ घेतो. बऱ्याच लहान गाड्यांचा वॉल काही शे रुपयांत येतो. 'इंजिनचं काम' काही हजारांत.

वॉल ठीक आणि काटा तरीही खालीच, तर सेन्सरच खोटं बोलतोय.

कॉम्प्युटरची चुगली

एप्रिल २०१३ नंतर बनलेली कार असेल तर स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट सापडेल. त्यात बसणारी ब्लूटूथची डबी स्वस्तात मिळते आणि मोबाइलवर गाडीच्या पोटातलं सगळं दिसतं. पाण्याचं तापमान तर दिसतंच, पण मोलाची गोष्ट म्हणजे 'फ्युएल ट्रिम'. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या हिशेबात एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर हे प्रमाण सांभाळलं जातंय का ते सतत सांगतो आणि ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. ही दुरुस्ती शून्याच्या आसपास असली की सगळं आलबेल. उणे पंधरा दिसली तर कुठून तरी पेट्रोल फाजील येतंय आणि ईसीयू ते कापत बसलाय. गळका इंजेक्टर किंवा वाढलेला दाब शोधा. अधिक पंधरा दिसली तर न मोजलेली हवा कुठून तरी आत शिरतेय, बहुधा चिरलेल्या रबरी पाइपातून, किंवा पंप दमलाय. म्हाताऱ्या ऑक्सिजन सेन्सरची खोड अशी की तो बंद पडत नाही, सुस्तावतो. दिवा लागत नाही, पेट्रोल जात राहतं.

दिव्यावरून आठवलं. चावी फिरवली, इंजिन सुरू केलं नाही, की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागायला हवेत, त्यात पिवळा इंजिनचा दिवाही. तो लागलाच नाही तर गाडी निरोगी आहे असं समजू नका. कुणी तरी दिव्याचाच बंदोबस्त केलाय.

पीयूसीचा कागदही बोलका असतो, अर्थात नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातली असेल तर. नुसता नंबर प्लेटचा फोटो काढून दिलेल्या कागदाबद्दल मी बोलत नाहीये. बीएस-४ पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. आकडा त्याच्या वर असेल तर अर्धवट जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून चाललंय. एवढी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

एक चाक गरम का?

मुंबईच्या सोसायटीत महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी, त्यात पावसाळा, त्यात हँडब्रेक ओढलेला. ब्रेक शू चिकटतात, डिस्कच्या कॅलिपरची पिन गंजते. गाडी चालते, ब्रेकही लागतो, पण सुटत नाही पुरता. दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न दाबता चालवून या आणि चारही रिमांजवळ हात न्या, डिस्कला मात्र हात लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तुमचं पेट्रोल तिथे उष्णता बनून चाललंय. कोकणातल्या गाड्यांत हे आधी बघा.

क्लचचीही एक चाचणी: तिसऱ्या गिअरमध्ये चाळिसाच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज वाढला पण गाडी त्या मानाने पळाली नाही, तर क्लच घसरतोय.

एअर फिल्टर निर्दोष

प्रत्येक सल्ल्यात पहिलं नाव याचं असतं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासलं, तर इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेज जवळजवळ हललंच नाही. हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही त्याच प्रमाणात कमी करतो. गाडीचा जोर मात्र घटतो. त्यामुळे फिल्टर जरूर बदला, ॲव्हरेज वाढेल या आशेने बदलू नका. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी, तिथे फरक पडतो.

टू-व्हीलरवाल्यांसाठी दोन ओळी जास्त

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि नव्या बाइकमधून कार्बोरेटर बहुतांशी गेला. त्याआधीची गाडी असेल तर पहिला संशयित चोक. थंडीत ओढला आणि ढकलायचा राहिला, किंवा केबल अडकून अर्धा ओढलेलाच आहे. दुसरी साक्ष स्पार्क प्लगची. गाडी पळवून आणा, गार होऊ द्या, प्लग काढा आणि टोकाचा रंग बघा. फिक्कट चॉकलेटी म्हणजे मिश्रण बरोबर. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. जेट, फ्लोट, चोक तपासा. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी. 'ॲव्हरेज वाढवून देतो' म्हणत स्क्रू पिळणाऱ्याकडून गाडी आणली की प्लग पांढरा दिसतो, आणि ते ॲव्हरेज इंजिन तापवून कमावलेलं असतं. चेन फार ताणलेली नको, मागचा ब्रेक फार आवळलेला नको. मेन स्टँडवर लावून चाक हाताने फिरवलं की दोन्ही कळतं.

उसाचा वाटा

काही टक्के ॲव्हरेज आपल्याच उसाच्या फडातून कमी झालंय. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असतं. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलंय की मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१०साठी, म्हणजे दहा टक्के इथेनॉलसाठी, जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी घटेल, तशा दुचाकीचं तीन ते चार टक्क्यांनी. सेकंडहँड गाड्यांत अशा भरपूर. पंधरा देणारी गाडी चौदावर आली तर तो दोष गाडीचा नाही, मेकॅनिकचाही नाही. पण पंधराची अकरा झाली आणि समोरचा खापर इथेनॉलवर फोडत असेल तर मानू नका.

घाटात न्यूट्रल

'उताराला न्यूट्रल टाकायची, पेट्रोल वाचतं.' कार्बोरेटरच्या काळातली ही शहाणीव आज उलटी झाली आहे. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ईसीयू इंजेक्टर बंदच करतो. चाकंच इंजिन फिरवतात, खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे बोरघाट न्यूट्रलवर उतरणारा पेट्रोलही जाळतो आणि ब्रेकही तापवतो. त्या घाटात न्यूट्रलवर सोडलेली अवजड वाहनं हे अपघातांचं जुनं कारण आहे.

वरच्या कॅरिअरचंही असंच. सुट्टीला गावी जाताना लावलेला कॅरिअर दिवाळीपर्यंत डोक्यावर असतो. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या हिशेबात टपावरचा मोठा बॉक्स हायवेला ६ ते १७ टक्के ॲव्हरेज खातो. रिकामा कॅरिअर तेवढं खात नाही, पण वारा त्यालाही अडतोच.

सीएनजीवाल्यांचा गोड गैरसमज

'पेट्रोलवर पंधरा, सीएनजीवर बावीस, काय इंजिन आहे!' इंजिन तेच आहे. पेट्रोल लिटरने मिळतं, सीएनजी किलोने, आणि किलोभर सीएनजीत लिटरभर पेट्रोलपेक्षा बरीच जास्त ऊर्जा असते. शिवाय बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि तापल्यावर गॅसवर जातात. रोज भाजी आणायला दोन किलोमीटर जाणाऱ्याचं पेट्रोल 'कुठे मुरतं' ते यातच आलं. अर्थात बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर कुठलंच गणित करू नका. उंदरांनी पाइप कुरतडलेला असू शकतो. गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.

दहाची बारा की विसाची चोवीस?

घरात दोन गाड्या. एक दहा देते, दुसरी वीस. दुरुस्तीला पैसे एकीपुरतेच आहेत. दहाची बारा करायची की विसाची चोवीस? बहुतेक जण चोवीसवर बोट ठेवतात. हजार किलोमीटरचा हिशेब मांडा. दहाच्या गाडीला शंभर लिटर लागत होते, बाराला ८३ लागतात. १७ लिटर वाचले. विसाच्या गाडीला पन्नास लागत होते, चोवीसला ४२, आठच वाचले. लॅरिक आणि सॉल या दोन अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये 'सायन्स' मासिकात हाच घोळ मांडला होता. तेव्हा घरातली सर्वांत खादाड गाडी आधी गॅरेजला न्या.

ॲव्हरेजचा हव्यास कुठवर जातो पाहायचं असेल तर झुरिचच्या ईटीएच विद्यापीठाची २००५ ची 'पॅक-कार २' आठवा. हायड्रोजनवर चालणारी ती एकाच माणसाची गाडी पेट्रोलच्या हिशेबात लिटरला ५,३८५ किलोमीटर गेली. चालक आत जवळजवळ आडवा झोपायचा. सासूबाईंना मागे बसवायची सोय नव्हती.

आणि इंजिन?

ते यादीत शेवटी. टायर, ब्रेक, वॉल, सेन्सर, प्लग सगळं पाहून झालं, टाकी ते टाकी मोजूनही आकडा जागचा हलला नाही, तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात, काम अर्ध्या तासाचं असतं. सगळे आकडे सारखे आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेत असतील तर इंजिन उघडायला साफ नकार द्या. एखादा सिलिंडर स्पष्ट कमी दिसला, तरच पैसे काढा, आणि मेकॅनिककडून ते आकडे कागदावर लिहून घ्या. काम झाल्यावर पुन्हा मोजायला लावा.